कॉर्नरबॅकची शिस्त आणि संघातली त्याची जागा: एका कौतुकातल्या दोन गोष्टी

डेन्व्हर ब्रॉन्कोस या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चाहत्यांकडे त्यांचा कॉर्नरबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, पॅट सर्टॅनचा विषय काढला की दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. 'पोरगा काय प्रोफेशनल आहे!' आणि 'आपल्या टीममध्ये कसा फिट बसलाय!' दोन्ही एकाच दमात बोलली जातात, जणू पहिलं असलं की दुसरं आपसूक येतं. एनएफएल या अमेरिकन व्यावसायिक लीगमधले गेल्या वीस वर्षांतले मोठे कॉर्नरबॅक एकेक करून आठवले, तर हे गणित जुळत नाही. अत्यंत शिस्तीचा माणूस चुकीच्या संघात जाऊन वाया गेलेला दिसतो, आणि पगारासाठी मालकांशी उघड भांडलेला माणूस दुसऱ्या संघात चपखल बसून विजेतेपद घेऊन जातो. शिस्त खेळाडूच्या अंगची असते, संघ बदलला तरी ती त्याच्याबरोबर जाते. संघात बसणं न बसणं मात्र त्याच्या एकट्याच्या हाती नसतं. प्रशिक्षकाची आखणी काय आहे, पलीकडच्या कडेला कोण उभा आहे आणि पुढची फळी चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपर्यंत किती लवकर पोहोचते, यावर ते ठरतं.

हा खेळ फारसा न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक लांब धावत सुटलेल्या रिसीव्हरकडे चेंडू फेकतो, आणि तो त्याच्या हाती पडू न देणं हे कॉर्नरबॅकचं काम. मैदान सुमारे ४९ मीटर रुंद. कॉर्नरबॅक कडेला उभा असतो, बहुतेकदा एकटा. कुठे आणि कधी वळायचं हे रिसीव्हरला आधीच ठाऊक असतं. कॉर्नरबॅकला ते समोरच्याच्या कमरेकडे बघून ताडायचं असतं, तेही पुष्कळदा उलट्या पावली पळत.

हे करायच्या ढोबळ पद्धती दोन. मॅन कव्हरेजमध्ये एक माणूस नेमून दिलेला असतो: तो जाईल तिकडे जायचं, नजर त्याच्यावर, पाठ क्वार्टरबॅककडे. झोन कव्हरेजमध्ये माणूस नाही, मैदानाचा तुकडा राखायचा असतो. इथे नजर क्वार्टरबॅकवर, आणि आपल्या तुकड्यात कोण शिरतंय, कोण बाहेर पडतंय याची शेजाऱ्याशी सतत देवाणघेवाण. पहिल्या पद्धतीत रिसीव्हरच्या छातीला भिडून उभं राहणारे काही जण असतात. त्यांना सुरुवातीच्या पाच यार्डांत त्याला हाताने अडवायची मुभा असते. दुसरीत बरेचदा सात-आठ यार्ड मागे उभं राहून चाल वाचायची असते. बाहेरून दोघेही कॉर्नरबॅकच. पण पायांच्या सवयी वेगळ्या, नजरेच्या त्याहून वेगळ्या. आपल्याकडे कबड्डीत कोपरारक्षक एकट्याने पाय धरण्यात कितीही तरबेज असो, शेजारचा वेळेवर आला नाही तर चढाईपटू सुटतोच. इथलंही तसंच आहे.

मग चाहत्यांची गफलत का होते? मला वाटतं, टीव्हीमुळे. कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. कॉर्नरबॅकने काम चोख केलं तर त्याच्याकडे चेंडू येतच नाही, म्हणजे तो पडद्यावरही येत नाही. आकडे कमी, दृश्य कमी. कौतुक करायला हाताशी उरतं ते वागणं: मुलाखतीत शांत बोलतो, सरावाला दांडी मारत नाही, सहकाऱ्याने चूक केली तर हातवारे करत नाही. यालाच आपण 'संघात फिट' म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात हा त्याच्या स्वभावाचा दाखला झाला. बचावाच्या आखणीत तो कसा बसतो हे त्यातून कळत नाही.

सर्टॅनच्या स्वभावाचा दाखला भक्कम आहे, यात वाद नाही. वडीलही पॅट्रिक सर्टॅनच, मायामी डॉल्फिन्स आणि कॅन्सस सिटी चीफ्सकडून कॉर्नरबॅक म्हणून खेळलेले, आणि फ्लोरिडातल्या शाळेत त्यांनीच मुलाला शिकवलं. अलाबामा विद्यापीठातून २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांत, नवव्या क्रमांकावर तो डेन्व्हरला आला आणि पहिली तीन वर्षं संघाने त्याला काही सुख दिलं नाही. २०२२ मध्ये ५ विजय, १२ पराभव. मुख्य प्रशिक्षकाची हंगाम संपायच्या आत हकालपट्टी. २०२३ च्या सप्टेंबरात मायामीकडून ७०-२० असा लाजिरवाणा मार. या काळात त्याच्या तोंडून सहकाऱ्यांविरुद्ध वेडावाकडा शब्द आला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने चार वर्षांचा ९.६ कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा तो सर्वाधिक पगाराचा कॉर्नरबॅक होता. सहा महिन्यांत ह्यूस्टनच्या डेरेक स्टिंगलीने वर्षाला सरासरी ३ कोटींचा करार मिळवून त्याला मागे टाकलं. डेन्व्हरचे चाहते ही गोष्ट अभिमानाने सांगतात: बघा, आमच्याने कुरकुर केली नाही.

कुरकुर न करणं म्हणजेच व्यावसायिकपणा, हे मात्र मला पटत नाही. डॅरेल रेव्हिसचं उदाहरण घ्या. २०१० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क जेट्सचा हा कॉर्नरबॅक करारासाठी सराव शिबिराला आलाच नाही, आणि सप्टेंबरात ४.६ कोटी डॉलरचा करार घेऊनच आला. 'पैशाचा लोभी' ही पदवी त्याला तेव्हाच मिळाली. पण मैदानावर त्या काळात त्याच्याइतका काटेकोर माणूस सापडणं कठीण. आदल्या २००९ च्या हंगामात प्रतिस्पर्ध्यांचे पट्टीचे रिसीव्हर एकामागून एक त्याच्यावर सोपवले गेले आणि एकेक जण गायब होत गेला. मैदानाच्या त्या तुकड्याला लोक 'रेव्हिस आयलंड' म्हणू लागले. ज्या खेळात कारकीर्द एका गुडघ्यावर अवलंबून असते तिथे स्वतःची किंमत मागणं हाही धंद्याचाच भाग आहे. रेव्हिसचा गुडघा २०१२ मध्ये गेलाच.

रिचर्ड शर्मनबद्दल तर याहून गैरसमज. जानेवारी २०१४ मध्ये सिअ‍ॅटलला सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, नेणारा चेंडू त्याने बोटांनी थोपवला आणि लगेच कॅमेऱ्यासमोर प्रतिस्पर्धी रिसीव्हरचा आवाज चढवून उद्धार केला. देशभर चर्चा: हा कसला व्यावसायिक? पण हाच माणूस चाली पाठ करण्यासाठी तासन्‌तास चित्रफिती बघण्याबद्दल प्रसिद्ध होता. सिअ‍ॅटलच्या झोनमध्ये डावी कड त्याची ठरलेली. पाचव्या फेरीत निवडलेला, मुळात रिसीव्हर म्हणून वाढलेला उंच, लांब हातांचा हा खेळाडू त्या आखणीसाठीच घडवल्यासारखा होता. पुढे २०१८ मध्ये स्वतःच स्वतःचा एजंट होऊन त्याने सॅन फ्रान्सिस्कोशी करार केला. तिथे बचाव सांभाळत होते रॉबर्ट सालेह, जे आधी सिअ‍ॅटलमध्ये सहायक होते आणि तीच शैली बरोबर घेऊन आले होते. पुढच्याच हंगामात सॅन फ्रान्सिस्को सुपर बोलमध्ये. चाहत्यांनी त्याच्या बोलण्यावर वाद घातला. त्याने मात्र आपल्याला बसणारं घर बरोबर शोधलं.

आता उलट बाजू. नामडी असोमुआची कहाणी मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते.

बर्कलीत वित्त विषय घेऊन शिकलेला, गरीब वस्त्यांतल्या हुशार मुलांना विद्यापीठं दाखवायला घेऊन जाणारा, मितभाषी गृहस्थ. २००३ मध्ये ओकलंड रेडर्सने त्याला पहिल्या फेरीत घेतलं. २००६ मध्ये त्याने प्रतिस्पर्ध्यांचे ८ पास पकडले आणि क्वार्टरबॅकनी धसका घेतला. पुढच्या चार हंगामांत मिळून त्याच्या हाती फक्त ३ चेंडू लागले, कारण त्याच्या बाजूला फेकायलाच कोणी तयार नव्हतं. ओकलंडमध्ये काम साधं होतं: उजवी कड तुझी, समोरच्याला भिड, सोडू नकोस. वर्षानुवर्षं तेच.

२०११ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया ईगल्सनी त्याला पाच वर्षांच्या ६ कोटी डॉलरच्या करारावर आणलं. शहरात उत्सव. संघातल्याच एका नव्या खेळाडूने त्या जमवाजमवीला 'ड्रीम टीम' म्हटलं आणि ते नाव वर्षभर संघाच्या गळ्यात अडकलं. बचावाची धुरा होती हुआन कास्टिलोकडे, जो आदल्या वर्षापर्यंत आक्रमणातल्या ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या फळीचा, प्रशिक्षक होता. असोमुआला कधी आत, कधी बाहेर, कधी झोनमध्ये असं ठिकठिकाणी फिरवलं गेलं. दुसऱ्या कडेला असांटे सॅम्युएल, ज्याचा खेळ मागे उभं राहून क्वार्टरबॅकची नजर वाचण्याचा आणि जुगार खेळण्याचा. तिसरा डॉमिनिक रॉजर्स-क्रोमार्टी, कडेवर पळणारा, पण त्याला आतल्या जागेवर ढकललेलं. तीन उत्तम कॉर्नरबॅक, तीन दिशांना तोंड केलेले. हंगाम ८ विजय, ८ पराभव असा संपला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात कास्टिलोला काढलं, संघ ४-१२ वर घसरला आणि मार्च २०१३ मध्ये असोमुआची सुट्टी झाली.

यातली एक गंमत बघा. फिलाडेल्फियातल्या पहिल्याच हंगामात त्याने ३ पास पकडले, म्हणजे ओकलंडमधल्या शेवटच्या चार हंगामांइतके. आकडा वाढला, कारण आता लोक त्याच्याकडे बिनधास्त फेकत होते. नुसते पकडलेले चेंडू मोजणाऱ्याला तो सुधारल्यासारखा वाटला असता. आणि या दोन वर्षांत त्याची शिस्त बिघडली होती का? तसं म्हणायला काही आधार नाही. वय तिशीला टेकलं होतं, वेग थोडा उतरला असेल. पण मुख्य बिघाड आखणीत होता, आणि चाहत्यांनी राग काढला माणसावर.

रेव्हिसनेही हा अनुभव घेतला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर एप्रिल २०१३ मध्ये जेट्सनी त्याला टँपा बे बकनिअर्सना दिलं. करार सहा वर्षांचा, ९.६ कोटींचा, पण एक पैसाही हमीचा नाही. तिथे जगातला सर्वोत्तम मॅन कॉर्नरबॅक पुष्कळदा झोनमध्ये उभा केला गेला. तो सोळाही सामने खेळला, संघ बारा हरला. नवे प्रशिक्षक लव्ही स्मिथ आले, तेही झोनवालेच. मार्च २०१४ मध्ये त्याला मोकळं केलं. काही तासांतच न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी १.२ कोटींत एका हंगामासाठी उचललं. बिल बेलिचिकने त्याला त्याचं जुनं काम परत दिलं: एक माणूस घे, बाकीचं आम्ही बघतो. त्याने एक कड एकट्याने बंद केल्यामुळे मधला सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागे उभा राहणारा बचावपटू, दुसरीकडे मदतीला सरकू शकत होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुपर बोल जिंकून त्याने विजेत्यांची अंगठी मिळवली आणि महिन्याभरात जास्त पैसे देणाऱ्या जेट्सकडे परत गेला. २०१३ चा रेव्हिस आणि २०१४ चा रेव्हिस, माणूस तोच.

पुन्हा सर्टॅनकडे. पहिल्या तीन हंगामांत त्याने बचावाचे तीन सूत्रधार पाहिले: व्हिक फँजिओ, मग एजिरो एव्हेरो, मग २०२३ पासून व्हान्स जोसेफ. पहिल्या दोघांची वृत्ती मागे दोन सेफ्टी ठेवून झोनकडे झुकणारी. जोसेफ यांची जास्त माणसं क्वार्टरबॅकवर सोडून मागे मॅन खेळण्याची. सर्टॅन एव्हेरोंच्या हाताखाली २०२२ मध्येच लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला, म्हणजे झोनमध्ये तो अडखळत होता असं नाही. इथे शिस्त आणि संघातली जागा यांचा धागा खरोखर जुळतो: दरवर्षी नव्या चालींची वही पाठ करायची तयारी ज्याची असते, त्याला बसायला जागा जास्त मिळतात. पण २०२४ मध्ये जे घडलं त्याला एवढंच कारण पुरत नाही. त्या हंगामात डेन्व्हरच्या पुढच्या फळीने ६३ वेळा क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडलं, लीगमध्ये सर्वाधिक. रिसीव्हरच्या मागे जेवढा वेळ चिकटून राहावं लागतं तो वेळच आखडला. सर्टॅनला टाळून क्वार्टरबॅक पलीकडे रायली मॉसकडे फेकत राहिले, आणि मॉसने तो भडिमार बऱ्यापैकी सोसला. तोही ढेपाळता तर सर्टॅनची बंद कड कोणाच्या उपयोगाची होती?

त्याच ऑक्टोबरात रेडर्सविरुद्ध गोल लाइनपाशी आलेला पास पकडून सर्टॅन मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत १०० यार्ड पळाला. रेडर्स तोवर आघाडीवर होते. सामना डेन्व्हरने ३४-१८ असा जिंकला. हंगामाअखेर तो वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. २०१९ मध्ये स्टीफन गिलमोरला मिळाल्यानंतर हा मान कॉर्नरबॅकला पहिल्यांदाच मिळत होता. डेन्व्हरही २०१५ च्या विजेतेपदानंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये पोहोचलं.

सामना बघताना दोन्ही गोष्टी वेगळ्या करायच्या असतील तर एक सोपी सवय लावून घ्या. चेंडू सुरू होण्याआधीचे तीन-चार सेकंद कडेला बघा. कॉर्नरबॅक रिसीव्हरला भिडून उभा आहे की मागे? प्रत्येक वेळी त्याच कडेला आहे, की विशिष्ट रिसीव्हरबरोबर बाजू बदलतोय? सेफ्टी त्याच्याकडे झुकलाय, की त्याला वाऱ्यावर सोडून दुसरीकडे गेलाय? यातून कळतं संघ त्याला काय काम देतोय. शिस्त दिसते ती नंतर, पास त्याच्या डोक्यावरून गेल्यावर पुढच्या खेपेला तो त्याच जागी उभा राहतो का यात.

न्यू जर्सीत राहून जेट्सच्या नादी लागलेल्या मराठी घरांना हा फरक नव्याने शिकवावा लागणार नाही. २०१० च्या हंगामानंतर प्लेऑफ न पाहिलेला हा संघ. जुलै २०२५ मध्ये त्यांनी आपला कॉर्नरबॅक सॉस गार्डनर याच्याशी चार वर्षांचा १२.०४ कोटी डॉलरचा करार केला, आणि नोव्हेंबरात त्याला इंडियानापोलिस कोल्ट्सना देऊन ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि एक रिसीव्हर घेतला. चार महिन्यांत गार्डनरचं वागणं बदललेलं नव्हतं. जेट्स मात्र १-७ वर होते, कोल्ट्स ७-२ वर. एकाला संघ मुळापासून बांधायचा होता, दुसऱ्याला त्याच हंगामासाठी एक कड बंद करणारा माणूस हवा होता.