परदेशात कुणाच्या घरी उतरायचंय? आधी यजमानाला नगरपालिकेत पाठवा

मिरजेत तंबोरा करून घ्यायला आलेली परदेशी मंडळी कधी आपल्या घरी पिठलं-भाकरी खाऊन जातात आणि निरोप घेताना म्हणतात, "आता तुम्ही या आमच्याकडे." आपण मान डोलावतो. पण जायचं खरंच ठरलं की अडचण येते. व्हिसाच्या अर्जात 'मुक्काम कुठे' असं विचारलेलं असतं आणि आपल्याकडे हॉटेलचं बुकिंग नसतं.

एजंट लगेच तोडगा काढतो. "कशाला झंझट? हॉटेलचं एक बुकिंग टाकू, व्हिसा हातात आला की रद्द करू." हे करू नका. मुक्कामाची खोटी माहिती सापडली तर अर्ज फेटाळला जातो, आणि शेंगेन देशांची, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या फ्रान्स-जर्मनी-इटलीसारख्या युरोपीय देशांची, व्हिसानोंद सामाईक असल्यामुळे पुढे दुसऱ्या देशात अर्ज केला तरी जुना नकार दिसतो. घरी राहणार असाल तर तसंच लिहा, त्यासाठी वेगळा कागद असतो. मात्र हा कागद सांगलीत किंवा पुण्यात मिळत नाही. तो यजमानाला त्याच्या गावी काढावा लागतो, म्हणून तयारीची सुरुवात तिकिटापासून नाही, या कागदापासून करायची.

फ्रान्सचं उदाहरण घेऊ, कारण तिथली पद्धत सगळ्यात ठरीव आहे. कागदाचं नाव 'आतेस्तास्यों दाकय', आपल्या भाषेत निवास-हमीपत्र. यजमानाने स्वतः आपल्या गावच्या नगरपालिकेत जायचं. सोबत ओळखपत्र, घर मालकीचं की भाड्याचं याचा पुरावा, विजेचं बिल आणि उत्पन्नाची कागदं न्यायची. ३० युरोंचा मुद्रांक लागतो, आणि अर्ज नाकारला तरी ते पैसे परत मिळत नाहीत. घरात पाहुण्याला पुरेशी जागा आहे का, याची चौकशीही होऊ शकते. आपण त्याला पासपोर्टवर आहे तसंच नाव, पासपोर्ट क्रमांक आणि नेमक्या तारखा कळवायच्या. नवरा-बायकोला एकच हमीपत्र चालतं, पण सोबत मेहुणा निघाला तर त्याचं वेगळं. यजमान नात्यातलाच हवा असं नाही. तो फ्रेंच असावा असंही नाही. तिथे राहणारा आपला भाचा चालतो, फक्त त्याचा निवास परवाना चालू हवा. वसतिगृहाच्या खोलीत आई-बाबांना ठेवतो म्हणाला, तर नगरपालिका ऐकेल असं मला वाटत नाही.

हमीपत्राची मूळ प्रत कुरिअरने मागवा, मोबाईलवरचा फोटो पुरत नाही. या कागदाचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. फ्रान्समध्ये रोजच्या खर्चाची ऐपत दाखवावी लागते. हॉटेलचं बुकिंग असेल तर दिवसाला ६५ युरो, काहीच नसेल तर १२०. हमीपत्र असलं की ३२.५० युरो पुरतात.

जर्मनीत दोन वाटा आहेत. तुमचा खर्च तुम्हीच करणार असाल तर यजमानाचं साधं निमंत्रणपत्र चालतं. तो करणार असेल तर त्याने परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन २९ युरो भरून रीतसर हमी द्यायची. तिच्या जर्मन नावाचा उच्चार करायच्या फंदात पडू नका. पण ती हमी म्हणजे नुसता शब्द नाही. पाहुणा तिथे आजारी पडला आणि सरकारला खर्च आला, तर तो यजमानाकडून वसूल होतो. म्हणून ओळख दोन महिन्यांची असेल तर हमी मागताना थोडा संकोच वाटायलाच हवा.

बाकी अर्ज नेहमीचाच. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी. किमान ३० हजार युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा सेवाआकार वेगळा. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णय साधारण १५ दिवसांत लागतो, कधी ४५ दिवसही लागतात. फ्रान्स आणि जर्मनी या दोन्हींसाठी पुण्यात व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीचं केंद्र आहे. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, म्हणजे सांगलीहून पहाटेची गाडी.

आपल्याकडच्या माणसाची खरी अडचण असते उत्पन्नाचा पुरावा. नोकरदाराला पगाराची पावती आणि रजेचं पत्र पुरतं. तासगावच्या द्राक्षबागायतदाराने काय दाखवायचं? डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. तो आणि आठ-अ घ्या, दोन्हींचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. बेदाण्याच्या सौद्याची पट्टी किंवा कारखान्याचं ऊसबिल जोडा, आणि ती रक्कम बँकेच्या उताऱ्यात दिसू द्या. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी विवरणपत्र भरत असाल तर त्यात ते दाखवलेलं असावं. आदल्या आठवड्यात साडूकडून उसने दोन लाख खात्यात भरले, तर ते अधिकाऱ्याच्या पहिल्या नजरेत भरतात. सोबत एक साधं पत्र लिहा. यजमानाशी ओळख कशी झाली, किती दिवस राहणार, परत का यायचं आहे, एवढंच. मिरजेतल्या भेटीचा एखादा फोटो आणि जुने निरोप जोडले तर बिघडत नाही.

पैसे देऊन कुणाच्या घरी राहणार असाल तर हे निवास-हमीपत्र लागत नाही. त्या बुकिंगची पावती हॉटेलच्या पावतीसारखीच लावायची.

निघताना सगळ्या मूळ प्रती हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. विमानतळावर पोलीस विचारतात तेव्हा बॅग अजून पट्ट्यावर यायची असते. आणि पुढे इटलीतही कुणाच्या घरी उतरणार असाल, तर यजमानाने ४८ तासांत पोलिसांना लेखी कळवायचं असतं. हे तिथल्यांनाही कधी कधी आठवत नाही. पोहोचल्यावर चहा होताच विचारून घ्या.