युरोपला टेस्ट किट पाठवता? आयव्हीडीआरची तयारी किटच्या खोक्यापासून करा

किटवर सीई मार्क, म्हणजे युरोपात विक्रीसाठी लागणारं चिन्ह, आहे, माल कित्येक वर्षं युरोपात जातो आहे, मग आता नवीन काय करायचं, असं उत्पादक आम्हाला नेहमी विचारतात. युरोपीय संघाच्या जुन्या ९८/७९ निर्देशाखाली बहुतेक किटना उत्पादकाने स्वतः घोषणापत्र केलं की भागायचं. २६ मे २०२२ पासून निदान चाचण्यांसाठीची २०१७/७४६ ही नियमावली, म्हणजे आयव्हीडीआर, लागू झाली आणि आता बहुतेक किटची फाइल नोटिफाइड बॉडीकडून, म्हणजे युरोपात नेमलेल्या स्वतंत्र तपासणी संस्थेकडून, तपासून घ्यावी लागते. जोखमीनुसार ए ते डी असे चढते वर्ग आहेत; निर्जंतुक नसलेली ए वर्गातली उत्पादनं तेवढी यातून सुटतात.

सगळं ठरतं ते किट कशासाठी आहे हे सांगणाऱ्या एका वाक्यावर. सिफिलिसचं रॅपिड कार्ड घ्या. जुन्या निर्देशात ते कुठल्याच विशेष यादीत नव्हतं. आता रुग्णाच्या निदानासाठी असेल तर ते सी वर्गात जातं, कारण आजार लैंगिक संबंधातून पसरणारा आहे. त्याच कार्डाच्या माहितीपत्रकात ‘रक्तदात्यांच्या तपासणीसाठीही’ एवढे शब्द असले की वर्ग डी. विक्री विभागाने कधीतरी घातलेले हे शब्द खर्च आणि मुदत दोन्ही बदलून टाकतात. आपल्याकडच्या सीडीएससीओ, म्हणजे केंद्रीय औषध नियामकाच्या, परवान्यावरही ए ते डी असेच वर्ग असतात, पण वर्गीकरणाचे नियम वेगळे आहेत. ते अक्षर जसंच्या तसं युरोपच्या फाइलमध्ये उतरवू नका.

जुन्या घोषणापत्रावर विकल्या जाणाऱ्या किटना २०२४ मध्ये मुदतवाढ मिळाली: डी वर्गाला २०२७ अखेरपर्यंत, सी वर्गाला २०२८ आणि बी वर्गाला २०२९ अखेरपर्यंत. ही मुदतवाढ आपोआप मिळत नाही. आयव्हीडीआरनुसार गुणवत्ता व्यवस्था २६ मे २०२५ पर्यंत उभी असायला हवी होती. नोटिफाइड बॉडीकडे अर्ज करण्याची तारीख डी वर्गासाठी २६ मे २०२५, सीसाठी २६ मे २०२६ आणि बीसाठी २६ मे २०२७. लेखी करार त्या त्या वर्षीच्या २६ सप्टेंबरपर्यंत. मधल्या काळात किटच्या रचनेत किंवा हेतूत मोठा बदल केलात तर सवलत जाते.

आमच्या मते खरं काम पुराव्याचं आहे, आणि उत्पादक नेमके तिथेच उशिरा जागे होतात. मार्कर, म्हणजे किट नमुन्यात जो घटक शोधतं तो, त्या आजाराशी खरंच निगडित आहे का, प्रयोगशाळेत किट किती अचूक चालतं आणि प्रत्यक्ष रुग्णांच्या नमुन्यांवर काय निकाल देतं, या तिन्हींचा लेखी आधार लागतो. किटच्या टिकाऊपणाचंही तसंच. खोक्यावर २४ महिने लिहिलं असेल तर किमान ३ वेगवेगळ्या लॉटवरची, म्हणजे उत्पादनाच्या खेपांवरची, माहिती दाखवावी लागते. जास्त तापमानात घेतलेल्या झटपट चाचणीवर सुरुवातीचा दावा करता येतो, पण मागोमाग प्रत्यक्ष २४ महिन्यांची नोंद यावीच लागते. ती पैसे मोजून लवकर मिळत नाही. म्हणून सल्लागार कोणीही नेमा, लॉट आजच बाजूला काढून ठेवा. चुकीच्या ‘निगेटिव्ह’ निकालावर कुणाचे उपचार थांबतात, त्यामुळे ही कडक तपासणी आम्हाला योग्यच वाटते.

युरोपीय संघातला अधिकृत प्रतिनिधी आणि नियामक अनुपालनाला जबाबदार व्यक्ती हेही लागतात. छोट्या कंपनीला ही व्यक्ती बाहेरची, पण कायम उपलब्ध असलेली, चालते.

पहिल्या भेटीला येताना किटचं खोकं, सध्याचं माहितीपत्रक, जुनं घोषणापत्र आणि टिकाऊपणाच्या मूळ नोंदी आणा. फाइल टापटीप नसली तरी चालेल, नोंदी मूळच्या हव्यात.