अंड्याची टरफलं आणि गोगलगायीचा पाय

"रोपांभोवती अंड्याची टरफलं चुरून टाका, त्या टोकदार कडांवरून गोगलगाय जाऊच शकत नाही." हा सल्ला मला महिनाभरात तिघांनी, तीन वेगवेगळ्या व्हिडिओंसकट पाठवला. म्हटलं, करून बघू. टरफलं साठवली, वाळवली, चुरली आणि कोबीच्या रोपांभोवती चार बोटं रुंद कडं केलं. रात्री टॉर्च घेऊन बाहेर गेलो तर कड्याच्या मधोमध एक गोगलगाय अगदी निवांत चाललेली. एक टरफल तर तिच्या अंगाला चिकटून तिच्याबरोबरच निघालं होतं.

माझ्या एका वाफ्यावरून निष्कर्ष काढायचं कारण नाही. ब्रिटनमधल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018 साली हीच गोष्ट नीट तपासली. लेट्यूसच्या रोपांना अंड्याची टरफलं, तांब्याची पट्टी, बारीक खडी, झाडाच्या सालीचे तुकडे आणि लोकरीच्या गोळ्या असे पाच लोकप्रिय अडथळे लावून पाहिले. ज्या रोपांना काहीच लावलं नव्हतं, त्यांच्या तुलनेत नुकसानीत फरक पडला नाही.

असं का होतं, याचं उत्तर गोगलगायीच्या पायाखाली आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. गोगलगाय आणि तिचं बिनशंखाचं भावंड, म्हणजे स्लग, हे कीटक नाहीत. ते मृदुकाय प्राणी. शिंपले आणि ऑक्टोपस हे त्यांचे नातलग. म्हणून कीटकनाशकाचा त्यांच्यावर भरवसा नाही, आणि कधी कधी ते उलटंच पडतं. अमेरिकेतल्या सोयाबीनच्या शेतांवरचा 2015 सालचा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. कीटकनाशक चोळलेल्या बियाण्याची रोपं स्लगांनी खाल्ली, त्यांना काही झालं नाही. पण ते स्लग ज्या भुंगेऱ्यांनी खाल्ले ते लुळे पडले किंवा मेले. राखणदार गेले आणि चोर राहिले.

आता पाय. 'गोगलगाय नि पोटात पाय' असं आपण आतल्या गाठीच्या माणसाला म्हणतो, पण प्राणिशास्त्रात या वर्गाचं नावच 'उदरपाद' आहे. पोटाखालचा तो एकच सपाट, स्नायूंचा पाय. एखादी गोगलगाय स्वच्छ काचेवर ठेवा, काच उचला आणि खालून पाहा. पायाच्या तळव्यावर गडद-फिकट पट्टे शेपटीकडून डोक्याकडे सरकताना दिसतील. या स्नायूंच्या लाटा आहेत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चहा गार होईपर्यंत काच खाली ठेवली नव्हती.

गंमत अशी की प्राणी सरळ पुढे सरकतो, पण पाय उचलत नाही. आपण चालताना एक पाय टेकलेला असतो आणि दुसरा हवेत. हिला पाय एकच, आणि तो कायम जमिनीला चिकटलेला. मग चिकटलेल्या पायाने चालायचं कसं? हे कोडं मार्क डेनी आणि जॉन गॉसलाइन यांनी 1980 साली 'बनाना स्लग' या पिवळ्या स्लगच्या स्रावावर प्रयोग करून सोडवलं. पाय आणि जमीन यांच्यामध्ये बुळबुळीत स्रावाचा, म्हणजे श्लेष्म्याचा, 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा थर असतो. आपला केस त्याहून जाड असतो. या थरात 96-97 टक्के पाणीच, उरलेल्यात मुख्यतः प्रथिन-शर्करांच्या लांबच लांब, एकमेकींत गुंतलेल्या साखळ्या. टूथपेस्ट ब्रशवर घट्ट बसून राहते, पण ट्यूब दाबली की वाहते. हा स्रावही तशाच स्वभावाचा. हळू ताणला तर तो लवचीक घन पदार्थासारखा वागतो. थराच्या जाडीच्या पाच-सहा पट सरकवला की आतली गुंतवळ तुटते आणि तो एकदम द्रव होतो. ताण थांबला की साखळ्या पुन्हा गुंततात आणि तो परत घट्ट होतो.

आता लाट आणि स्राव एकत्र पाहा. ज्या पट्ट्यात लाट चालू आहे तिथला पाय वेगाने पुढे सरकतो, त्याखालचा स्राव तुटून द्रव होतो, म्हणून विरोध कमी. दोन लाटांमधला पाय थांबलेला असतो, त्याखालचा स्राव घट्ट राहतो आणि पकड देतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार पुढे सरकणाऱ्या पट्ट्यांचा मागे ढकलणारा जोर या थांबलेल्या पट्ट्यांनी पेलायला हवा, आणि घट्ट स्राव तो पेलतो. म्हणजे एकाच वेळी, एकाच पायाखाली, वंगणही आहे आणि डिंकही; बदलतो तो फक्त ताण. जो पदार्थ कधीच तुटत नाही, किंवा तुटल्यावर लगेच सांधत नाही, त्यावर गोगलगायीला चालताच आलं नसतं. इथे वाचकाची दमछाक झाली असेल, तरी गणित मी गाळलंच आहे.

त्यामुळे टोकदार कडेचा प्रश्नच उरत नाही. पाय टरफलाला लागतच नाही, मध्ये स्रावाची गादी असते. ब्लेडच्या धारेवरून गोगलगाय सहज जाते, तिथे अंड्याच्या टरफलाची काय कथा?

तांब्याच्या पट्टीबद्दल सांगतात की स्राव लागताच 'विजेचा झटका' बसतो. ऐकायला छान. पण वरच्या चाचणीत या पट्टीनेही फरक पडला नव्हता. शिवाय तांबं त्यांना परकं नाही: या प्राण्यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं प्रथिन, हिमोसायनिन, तांब्यावरच चालतं. त्यांचं रक्त निळसर दिसतं ते त्यामुळेच. कॉफीच्या चोथ्याचीही अशीच ख्याती. 2002 साली हवाईमधल्या संशोधकांनी दाखवलं की 1 ते 2 टक्के कॅफीनचं द्रावण फवारलं की गोगलगायी आणि स्लग मरतात. बातमी पसरली, 'टक्के' हा शब्द मागे राहिला. कपभर कॉफीत कॅफीन साधारण 0.05 टक्के असतं, आणि उकळून गाळलेल्या चोथ्यात उरलंसुरलं. मीठ मात्र खरंच मारतं, परासरणाने शरीरातलं पाणी ओढून. पण ते मातीत मुरतं आणि मग रोपंही तशीच तहानेने मरतात.

मिठाने कच्चा दुवा मात्र बरोबर दाखवला आहे: पाणी. चालताना मागे जी चमकदार रेघ राहते ती जवळजवळ सगळी पाण्याची उधळपट्टी आहे. डेनी यांनीच हिशोब मांडला होता की अशा सरपटण्याला, धावणाऱ्या प्राण्याच्या तुलनेत तेवढ्याच वजनाला, तेवढ्याच अंतराला सुमारे बारा पट ऊर्जा लागते, आणि त्यातला मोठा वाटा स्राव बनवण्याचा. म्हणून या मंडळींना रात्र हवी, ओल हवी आणि दिवसा लपायला गार सांदीकोपरा हवा.

तेव्हा पाणी सकाळी घाला. संध्याकाळी घातलं तर आपण त्यांच्यासाठी रात्रभराचा ओला रस्ताच अंथरतो. सकाळी घातलं तर अंधार पडेपर्यंत मातीचा वरचा थर सुकलेला असतो. रोपं कोवळी असेतो त्यांच्या बुंध्याशी जाड आच्छादन नको. आणि लपायला जागा आपणच द्यायची: वाफ्याच्या कडेला एक ओली फळी पालथी टाका, सकाळी उलटा, सगळे तिथे चिकटलेले सापडतील. हातमोजे घाला, कारण काही गोगलगायी उंदरांच्या फुफ्फुसातला एक कृमी बाळगतात आणि तो माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. कच्ची खायची पालेभाजी धुवायची ती याचसाठी.

आमिष लावायचं तर बिअरचा सापळा प्रसिद्ध आहे, पण ओढ दारूची नसून आंबण्याच्या वासाची असते. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पीठ, पाणी आणि यीस्ट एवढ्यावर आंबवलेल्या पावाच्या कणकेकडेही त्यांच्या अनेक जाती आल्या. ती स्वस्त आहे आणि बिनविषारी.

शत्रूंमध्ये माझा लाडका म्हणजे काजवा. उडणारा, लुकलुकणारा काजवा काही दिवसांचा पाहुणा. त्याची अळी मात्र महिनोन्‌महिने जमिनीवर शिकार करते. अनेक जातींच्या अळ्या गोगलगायीच्या त्याच चमकदार रेघेचा माग काढतात, पोकळ जबड्यांतून विष टोचून तिला बधिर करतात आणि मग आतून पातळ करून शोषतात. रात्रभर दिवे लावलेल्या, फवारणी केलेल्या बागेत काजवे टिकत नाहीत. युरोपात 1994 पासून फॅस्मारॅब्डायटिस नावाचा सूत्रकृमी पाण्यातून मातीत सोडण्यासाठी विकला जातो. तो स्लगच्या पाठीवरच्या कातडीच्या पिशवीतून आत शिरतो, स्लग खाणं थांबवतो आणि काही दिवसांत मरतो. मोठ्या शंखाच्या गोगलगायींवर त्याचा फारसा इलाज चालत नाही.

पण 'नैसर्गिक' म्हटलं की सगळं निर्धोक, हा भ्रम नको. आफ्रिकन राक्षसी गोगलगाय आवरायला 1955 साली हवाईत एक मांसाहारी गोगलगाय आणून सोडली, 1977 साली ताहितीजवळच्या मोओरेआ बेटावरही. तिने राक्षसी गोगलगायीपेक्षा तिथल्या लहानग्या स्थानिक गोगलगायी खाणं पसंत केलं. मोओरेआच्या रानातून पार्ट्युला वंशाच्या गोगलगायी दहा वर्षांत नाहीशा झाल्या.

राहिला प्रश्न फळीखाली सापडलेल्यांचा. जीव घ्यायचा नसेल तर कुंपणापलीकडे फेकणं हा सर्वांचा आवडता मार्ग. ब्रिटनमध्ये रूथ ब्रुक्स नावाच्या हौशी बागकर्तीने गोगलगायींच्या शंखांवर नेलपॉलिशच्या खुणा करून त्या दूर नेऊन सोडल्या आणि 2010 साली बीबीसीची हौशी वैज्ञानिकांची स्पर्धा जिंकली. गोगलगायी घर ओळखतात आणि परत येतात. पुढच्या मोजणीतून निघालं की पुन्हा येऊ नयेत असं वाटत असेल तर किमान 20 मीटर लांब न्यायला हवं. मी त्या डब्यात घालून तेवढं चालत जातो. वाफा खणताना हाताला लागणारे दुधी मण्यांसारखे अंड्यांचे पुंजके मात्र उन्हात पसरून ठेवतो. दुपारपर्यंत ते सुकून जातात.