ठाकरसी, सर विठ्ठलदास दामोदर

(१८७३–१९२२). मुंबईचे गिरणीमालक, सहकारी चळवळीचे आद्य पुरस्कर्ते आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाचे मोठे देणगीदार. पुण्यात त्यांच्यापेक्षा त्यांच्या आईचेच नाव जास्त घेतले जाते, तेही नकळत. कर्वे रस्त्यावरचे ‘एसएनडीटी’ म्हणजे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. ‘गुरुवारी पाणी बंद’ या बातमीत पर्वतीच्या जोडीने येणारे एसएनडीटी जलकेंद्रही त्याच माउलीच्या नावाने ओळखले जाते.

घराणे भाटिया, धंदा कापडाचा. १९०८ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. लल्लूभाई सामळदास यांच्याबरोबर त्यांनी १९११ मध्ये बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक काढली; आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ती हीच.

कर्वे यांना विद्यापीठाची कल्पना सुचली ती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून. १९१६ मध्ये हिंगण्याच्या माळावर महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच. शिक्षण मराठीतून, इंग्रजी हा सक्तीचा विषय. पैसा मात्र दारोदार फिरून, रुपया-दोन रुपये करून जमवावा लागे. पुढे जपानच्या प्रवासात विठ्ठलदासांनी तेच टोकियोचे विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले. अण्णांनी (कर्वे यांनी) कागदावर वाचलेले यांना डोळ्यांनी दिसले. १९२० मध्ये त्यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्क्यांनी तिचे वर्षाचे व्याजच ५२,५०० रुपये होते. वर्गणीच्या पावत्या फाडत फिरणाऱ्या माणसाला हा आकडा कसा वाटला असेल!

देणगी बिनशर्त नव्हती. विद्यापीठाला आईचे नाव द्यावे आणि मुख्य ठाणे मुंबईस न्यावे, अशा तिच्या अटी होत्या. नाव लगेच बदलले, मुक्काम हलायला १९३६ साल उजाडले. पुण्याकडे महाविद्यालय व कन्याशाळा राहिली. हिंगणे आता कर्वेनगर झाले आहे.

देणगीनंतर दोनच वर्षांत विठ्ठलदास वारले. विद्यापीठाचे काम त्यांच्या पत्नी प्रेमलीलाबाई यांनी पुढे दीर्घकाळ वाहिले. येरवड्याजवळच्या टेकडीवरील त्यांच्या ‘पर्णकुटी’ बंगल्यात (नाव कुटीचे, वास्तू प्रशस्त) गांधीजींनी मे १९३३ मधील २१ दिवसांचे उपोषण केले. विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये. देणगीदाराला जाऊन तेव्हा २९ वर्षे झाली होती; ९३ वर्षांचे अण्णा मात्र ती पाहायला होते.