मे सिएन्तो: बसतो की वाटतं?

स्पॅनिशमध्ये 'मे सिएन्तो सोलो' हे वाक्य एकटं समोर आलं, तर त्याचा अर्थ सांगता येत नाही. बोलणारा 'मला एकटं वाटतं' म्हणत असेल, किंवा 'मी एकटा बसतो' म्हणत असेल. दोन्ही अर्थ व्याकरणाला मान्य आहेत, कारण सेन्तार (बसवणे) आणि सेन्तीर (जाणवणे) ही दोन वेगळी क्रियापदं वर्तमानकाळात 'मी'च्या रूपापाशी येऊन अगदी एकसारखी होतात.

दोघांच्या धातूत होणारा बदलही एकच. 'सेन्त'मधला ए फुटून इए होतो आणि 'सिएन्त' तयार होतं. हा बदल कुठे होतो आणि कुठे होत नाही, हे पाठ करण्याआधी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. आघात (उच्चारताना पडणारा जोर) धातूवर असेल तर इए, आघात प्रत्ययाकडे सरकला तर साधा ए. मराठी कानाला हे परकं वाटू नये. आपण गूळ म्हणतो, पण गुळाचा. विहीर म्हणतो, पण विहिरीत. पुढे काही जोडलं की मूळ शब्दातला स्वर आखडतो. आपल्याकडे दीर्घाचा ऱ्हस्व होतो आणि स्पॅनिशमध्ये आघाताचा हिशोब असतो, म्हणजे नियम वेगळे आहेत. पण शब्द लांबला की आतला स्वर बदलू शकतो, ही सवय आपल्याला आधीच आहे.

स्पॅनिशमध्ये ही खूण क्रियापदांच्या बाहेरही दिसते. सात म्हणजे सिएते, पण सत्तर म्हणजे सेतेन्ता. लॅटिनमधला ऱ्हस्व ए आघाताखाली आला की स्पॅनिशमध्ये त्याचा इए झाला, म्हणून 'तेर्रा'ची 'तिएर्रा' झाली.

आता रूपं. सेन्तारची अशी: सिएन्तो, सिएन्तास, सिएन्ता, सेन्तामोस, सेन्ताइस, सिएन्तान. सेन्तीरची अशी: सिएन्तो, सिएन्तेस, सिएन्ते, सेन्तीमोस, सेन्तीस, सिएन्तेन. 'आम्ही'च्या आणि स्पेनमधल्या 'तुम्ही लोक' या रूपात (बोसोत्रोस) आघात शेवटाकडे जातो, म्हणून तिथे इए नाही. आर्हेन्तिनात (अर्जेंटिनात) 'तू'ऐवजी 'बोस' म्हणतात आणि आघात प्रत्ययावर देतात: बोस ते सेन्तास, बोस ते सेन्तीस. तिथेही इए गायब! आघाताचा नियम खरा असल्याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

म्हणजे गोंधळ फक्त पहिल्या रूपात आहे. पुढे सेन्तार 'आ' धरतं, सेन्तीर 'ए' आणि 'ई'. 'तू बसतोस' म्हणजे ते सिएन्तास, 'तुला वाटतं' म्हणजे ते सिएन्तेस.

'मी'च्या बाबतीत मात्र शेजारचे शब्द पाहावे लागतात. जागा आली तर बसणं: मे सिएन्तो आकी, मी इथे बसतो. अवस्था आली तर वाटणं: मे सिएन्तो कान्सादा, मला थकल्यासारखं वाटतं (बोलणारी बाई आहे, हेही त्या 'दा'वरून कळलं). 'मे' नसेल तर अर्थ आणखी सरकतो. सिएन्तो फ्रीओ, मला थंडी जाणवते. सिएन्तो आल निन्यो एन ला सिया, मी मुलाला खुर्चीत बसवतो. सेन्तार म्हणजे बसवणे आणि सेन्तार्से म्हणजे बसणे. आपल्याकडे बसणेला 'व' लागून बसवणे होतं. तिकडे बसवणे मूळ आणि त्याला 'से' जोडून बसणे. क्षमा मागताना म्हणतात ते 'लो सिएन्तो' मात्र सेन्तीरचं. त्यात 'मे' घालायचा नाही.

मराठी माणूस अडखळतो ती जागा वेगळीच आहे. 'मला बरं वाटतं' या वाक्यात आपण 'मला' म्हणतो आणि क्रियापद तृतीयपुरुषी ठेवतो. त्याच चालीने 'मे सिएन्ते बिएन' तोंडातून निघतं आणि चुकतं. इथला 'मे' म्हणजे स्वतःला. जाणवून घेणारा कर्ता मीच, म्हणून सिएन्तो. गंमत अशी की 'मला'सारखा खराखुरा 'मे' सापडतो तो सेन्तारकडे. एल काफे मे सिएन्ता माल, म्हणजे कॉफी मला मानवत नाही. कपड्यांबद्दलही हेच रूप वापरतात, तेव्हा त्याचा अर्थ 'शोभणं' होतो.

'मी बसलो आहे' यासाठी 'मे सिएन्तो' नको. ते बसण्याची क्रिया सांगतं. बसलेली स्थिती म्हणजे एस्तोय सेन्तादो, बाई असेल तर सेन्तादा. मराठीत 'बसतो' आणि 'बसलो आहे' हा भेद आपण रोज करतो, तोच इथे जसाच्या तसा न्यावा.

शेवटची अडचण आज्ञेची, आणि ती खरोखर चकवते. मित्राला 'बस' म्हणायचं तर सिएन्ताते. पण आदराने 'बसा' म्हणताना सिएन्तेसे होतं, कारण आदरार्थी आज्ञेत स्वरांची अदलाबदल होते: 'आ'चा 'ए' आणि 'ए'चा 'आ'. म्हणून पाहुण्याला 'घरच्यासारखं समजा' सांगताना सिएन्तासे कोमो एन कासा म्हणतात. हे रूप ऐकून तो खुर्ची शोधणार नाही, कारण सिएन्तासे हे इथे सेन्तीरचं आहे.