घड्याळ, जहाज आणि जास्तीचा गहू: फ्रान्सच्या शेतमाल-निर्यातीची पार्श्वभूमी

8 जून 1961. फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतातल्या मॉर्ले गावात पहाटेच ट्रॅक्टर शिरले आणि शेतकऱ्यांनी तिथली कचेरी ताब्यात घेतली. आपल्या प्रांत कचेरीसारखीच ती. आगाप बटाट्याचे भाव कोसळले होते. पुढारी होता पंचविशीतला अलेक्सी गूर्वेनेक. त्याला आणि त्याच्या एका सोबत्याला अटक झाली, दोनेक आठवड्यांत कोर्टानं दोघांना सोडलंही. ऑगस्टमध्ये पॅरिसला कृषिमंत्री बदलले आणि त्या खुर्चीत एदगार पिझानी आले.

फ्रान्सची जमीन चांगली, पाऊस वेळेवर, म्हणून तिथून गहू आणि वाईन जगभर जाते, असा आपला सरधोपट समज असतो. जमीन चांगली आहेच. पण या निर्यातीचं मूळ शोधायला गेलं की दर वेळी एकच कटकट हाती लागते: पिकलं खरं, आता घालायचं कुठे?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याला दिलेलं उत्तर म्हणजे दारं बंद करणं. 1892 साली फ्रेंच पुढारी झ्यूल मेलीन यांनी परदेशी धान्यावर जबर जकात बसवली. शेतकरी वाचला, पण शेती आहे तिथंच राहिली. 1930 नंतरच्या मंदीत गहू इतका साठला की सरकारनं ठरवलेला किमान भावही व्यापारी देईनात. शेवटी 1936 मध्ये गव्हाचं सरकारी मंडळ निघालं. भाव ते ठरवणार आणि शेतकऱ्यांनी माल सहकारी संस्थांच्या कोठारात घालायचा, अशी सोय झाली. हमीभाव आणि खरेदी केंद्र यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग युद्ध आलं आणि सगळं उलटं झालं. युद्ध संपल्यावरही, 1947 साली, पावाचं रेशन माणशी दिवसाला 200 ग्रॅमवर उतरलं होतं. रेशनची तिकिटं 1949 पर्यंत चालली. ज्या देशात जेवण पावाशिवाय सुरू होत नाही, तिथं ही नामुष्कीच. त्या धसक्यानं सरकारनं उत्पादनाचा ध्यास घेतला. 1946 मध्ये कृषी संशोधन संस्था उभी राहिली, मार्शल योजनेतून अमेरिकी ट्रॅक्टर आले. 1950 ला दीड लाखाच्या आत असलेले ट्रॅक्टर 1960 च्या दशकाच्या मध्यावर दहा लाखांच्या घरात गेले. जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याची मोहीमही जोरात चालली. मुंबई राज्याचा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा 1947 चा. फ्रान्सचा 1941 चा. फरक असा की तिथं तो बुलडोझर घेऊन राबवला गेला. ब्रिटनीतली झाडाझुडपांची जुनी कुंपणं मैलोगणती उखडली गेली. पुढे पावसाचं पाणी थेट ओढ्यात धावू लागलं तेव्हा त्यांची आठवण आली.

आता माल पुन्हा जास्त झाला. घरात खपेना, तेव्हा फ्रान्सनं शेजाऱ्यांशी सौदा मांडला: जर्मनीच्या कारखान्यांना सामायिक बाजार हवा असेल तर आमच्या शेतमालालाही तो हवा. डिसेंबर 1961 ची मुदत उलटली तरी ब्रसेल्समधली बोलणी संपेनात. म्हणून मंत्र्यांनी घड्याळ थांबल्याचं मानलं आणि 14 जानेवारी 1962 ला करार झाला. बाहेरच्या स्वस्त धान्याला आडकाठी, आत भाव पडला तर सरकारी खरेदी आणि उरलेला माल जगाच्या बाजारात विकायला अनुदान, अशी ती रचना. 1965 मध्ये तिच्या पैशांवरून वाद पेटला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या फ्रान्सनं सात महिने युरोपच्या बैठकांवर बहिष्कार टाकला. शेतीसाठी एवढी टोकाची भूमिका घेणारा दुसरा मोठा देश शोधावा लागेल.

या करारापेक्षा मला गूर्वेनेकच्या मुलखातली गोष्ट जास्त बोलकी वाटते. सँ-पोल-द-लेऑं हा फ्लॉवर आणि आर्टिचोक या भाज्यांचा पट्टा. शेतकरी गाड्या घेऊन गावात यायचे आणि व्यापारी म्हणेल तो भाव पदरात पाडून घ्यायचे. 1961 मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली आणि हॉलंडच्या धर्तीवर लिलावाचं घड्याळ बसवलं. काटा चढ्या भावापासून खाली उतरत येतो, जो व्यापारी आधी बटण दाबेल त्याचा माल. इथं बोली वर चढत नाही. थांबलं तर स्वस्त पडेल, पण तोवर माल दुसऱ्याच्या पदरी जाईल, ही धास्ती व्यापाऱ्याला. चढा भाव त्याच्या खिशातून बाहेर काढायचा हा साधा उपाय.

पण गिऱ्हाईक समुद्रापलीकडे होतं. जवळच्या रॉस्कॉफचे कांदेवाले एकोणिसाव्या शतकापासून, पुढे सायकलीच्या दांड्याला माळा लटकवून, इंग्लंडच्या दारोदारी फिरत आले होते. इंग्रज त्यांना ‘जॉनी’ म्हणत. गूर्वेनेकनं सरकारशी भांडून रॉस्कॉफला खोल पाण्याचं बंदर मंजूर करून घेतलं. बंदर झालं, तर त्यावर जहाज चालवायला कुठलीच कंपनी तयार होईना. मग शेतकऱ्यांनीच काढली. 2 जानेवारी 1973 ला, ब्रिटन सामायिक बाजारात आल्याच्या दुसऱ्या दिवशी, भाजीचे ट्रक घेऊन ‘केरिस्नेल’ प्लिमथला निघालं. सँ-पोलच्या ज्या वस्तीत लिलावाचं घड्याळ होतं, तिचंच नाव जहाजाला. हीच कंपनी म्हणजे ब्रिटनी फेरीज. आज तिच्यात सहलीला निघालेली कुटुंबं भरलेली असतात. प्रवासी ही पुढची, आपसूक झालेली कमाई.

देशाच्या पातळीवर मात्र हिशेब बिघडत गेला. भावाची हमी असल्यानं पिकवायला मर्यादा उरली नाही. लोण्याचे डोंगर साठले आणि 1973 मध्ये ते सोव्हिएत संघाला कवडीमोलानं गेलं. राष्ट्राध्यक्ष जिस्कार द’एस्तां शेतीला देशाचं ‘हिरवं तेल’ म्हणत होते. पण या तेलावर युरोपची तिजोरी रिकामी होत होती. 1984 ला दुधावर कोटा आला, 1992 ला आधारभाव उतरवून हेक्टरमागे थेट मदत सुरू झाली आणि जागतिक व्यापार संघटनेच्या 2015 च्या नैरोबी परिषदेत निर्यात-अनुदानाचा विषयच संपला. मधल्या काळात शेतकरीही घटले. 1970 ला सुमारे सोळा लाख शेतं होती, 2020 च्या गणनेत चार लाखांच्या आत.

ज्या मालाचा भाव सरकारनं नाही, नावानं ठरतो, तो टिकला. वाईन आणि मद्याची निर्यात 2022 मध्ये 17 अब्ज युरोंच्या वर गेली. नंतर ती घसरली, तरी आधार आजही तिचाच.

गव्हाचं तसं नाही. फ्रान्सचं रूआँ हे पश्चिम युरोपातलं धान्याचं मोठं बंदर. अल्जेरिया तिथलं कैक दशकांचं हक्काचं गिऱ्हाईक होतं. किडीनं डंखलेले दाणे किती चालतील, ही अल्जेरियाच्या निविदेतली अट कडक होती आणि रशियाचा गहू तिच्यात बसत नव्हता. 2020 मध्ये ती सैल झाली. पुढच्या वर्षी रशियाची जहाजं आली. 2024 मध्ये पश्चिम सहारा या वादग्रस्त प्रदेशावरून फ्रान्स आणि अल्जेरियात बिनसलं आणि त्याच साली अतिपावसानं फ्रान्सचं गव्हाचं पीक सुमारे चाळीस वर्षांतलं सर्वांत कमी आलं. अल्जेरियाची जागा मोरोक्कोनं घेतली.