कळलं, असं वाटतं तेव्हा

१९८० च्या जानेवारीत दक्षिण फ्लोरिडातल्या एका हॉस्पिटलमध्ये १८ वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत आणलं. बरोबरची माणसं स्पॅनिश बोलणारी, मूळची क्यूबाची. त्यांच्या बोलण्यात 'इन्टॉक्सिकादो' हा शब्द आला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलेला. डॉक्टरांना मात्र तो इंग्रजीतला 'इन्टॉक्सिकेटेड' वाटला, म्हणजे नशा केलेला. मुलाने अमली पदार्थ जास्त प्रमाणात घेतला असावा, असं धरून उपचार सुरू झाले. खरं तर त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. ते लक्षात यायला दोनेक दिवस गेले आणि तोवर चारही हातपाय लुळे पडले होते. पुढे नुकसानभरपाई ठरली ती सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरची.

घरच्यांचा अंदाजही चुकलाच होता, काही बाधलं वगैरे नव्हतंच. पण या प्रकरणातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळी आहे. दुभाष्याला कोणी बोलावलंच नाही. शब्द अगदीच अनोळखी असता तर कोणीतरी नक्की विचारलं असतं, 'म्हणजे काय?' तो ओळखीचा वाटला आणि तिथेच घात झाला.

वैद्यकीय शिक्षणात 'कल्चरल कॉम्पिटन्सी' म्हणून जे प्रशिक्षण दिलं जातं, ते अशा घाताबद्दलचं आहे. मराठीत त्याला सांस्कृतिक सक्षमता म्हणतात, म्हणजे वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या चालीरीतींच्या रुग्णाला नीट समजून घेऊन उपचार करता येणं. शब्द जरा जड आहे, पण चालवून घेऊ. मॅडलिन लेनिंजर या अमेरिकन परिचारिकेने १९५० च्या दशकात मुलांच्या मानसिक उपचार केंद्रात काम करताना पाहिलं, की वेगवेगळ्या घरांतून आलेली मुलं एकाच शुश्रूषेला फार वेगवेगळा प्रतिसाद देतात. तिथून तिने परिचर्या आणि मानववंशशास्त्र यांची सांगड घालायला सुरुवात केली. १९८९ मध्ये एका अमेरिकन अहवालाने सांस्कृतिक सक्षमतेची व्याख्या केली. ती नुसती डॉक्टरांपुरती नव्हती, संस्थेचं वागणं आणि धोरणंही तिच्यात धरलेली होती.

व्याख्या चांगली होती, वर्गात मात्र बऱ्याचदा शिकवल्या गेल्या याद्या. अमुक समाजाचे लोक वेदना बोलून दाखवत नाहीत, तमुक समाजाचे फार विव्हळतात, अमक्यांशी बोलताना डोळ्यांत बघू नये. तक्ता पाठ केला की झाला तुम्ही सक्षम! २०१७ मध्ये परिचारिकांच्या एका पाठ्यपुस्तकातला असाच वेदनेचा तक्ता समाजमाध्यमांवर फिरला, भरपूर टीका झाली आणि प्रकाशकाला तो मागे घ्यावा लागला. तक्त्याची खोड साधी आहे. एखाद्या गटाची सरासरी खरी धरली, तरी समोर बसलेल्या माणसाबद्दल ती फारच थोडं सांगते. त्याचं वय, शिक्षण, तो स्थलांतर करून आलेला की इथेच जन्मलेला, त्याचं त्याच्या समाजाशी पटतं की नाही, हे काहीच तक्त्यात मावत नाही. उलट तक्ता वाचणाऱ्याला खात्री देतो. फ्लोरिडातल्या त्या डॉक्टरांकडेही खात्रीच होती.

आता एक अभ्यास, जो मला या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो. लॉस एंजेलिसमधल्या एका इमर्जन्सी विभागात हातापायाची लांब हाडं मोडलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. निष्कर्ष १९९३ मध्ये छापून आले. हिस्पॅनिक, म्हणजे मूळच्या स्पॅनिशभाषक समाजातल्या, रुग्णांपैकी ५५ टक्के लोकांना वेदनाशामक दिलंच गेलं नव्हतं. हिस्पॅनिक नसलेल्या गोऱ्या रुग्णांत हे प्रमाण २६ टक्के होतं. सहज सुचणारं स्पष्टीकरण असं, की डॉक्टरांना परक्या समाजाच्या माणसाची वेदना वाचता येत नसेल. मग तक्ता शिकवणं योग्यच ठरतं! पण संशोधक तिथे थांबले नाहीत. रुग्णाने स्वतः सांगितलेली वेदना आणि डॉक्टरांनी केलेला अंदाज यांत किती अंतर पडतं, ते त्यांनी मोजलं. दोन्ही गटांत ते सारखंच निघालं. वेदना दिसत होती, पण गोळी दिली जात नव्हती. म्हणजे अभ्यास करायचा तो खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाचा.

त्याचीही एक संस्कृती असते. २०१६ मध्ये व्हर्जिनियात २२२ गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं खरी की खोटी, असं विचारलं गेलं. कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते, यासारखं किमान एक धादांत खोटं विधान निम्म्या जणांना थोडंफार तरी खरं वाटलं. ही समजूत त्यांच्या पुस्तकांत नव्हती, हवेत होती. ज्यांच्या मनात ती होती, त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी लेखली आणि सुचवलेले उपचारही तितके अचूक नव्हते.

मग शिकवायचं काय? आर्थर क्लाइनमन हे मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ तैवानमध्ये काम करत होते. त्यांनी रोग आणि आजारपण या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. रोग शरीरात होतो. आजारपण माणूस जगतो, घरात, कामावर, चार लोकांच्या नजरेत. १९७८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह रुग्णाला विचारायचे काही प्रश्न मांडले. हे कशामुळे झालं, असं तुम्हाला वाटतं? आत्ताच का सुरू झालं असेल? यातली कशाची भीती जास्त वाटते? उपचारांतून काय मिळावं? वाचायला हे प्रश्न इतके साधे आहेत, की यासाठी प्रशिक्षण कशाला, असं वाटावं. पण रुग्ण बोलायला लागल्यावर डॉक्टर त्याला किती वेळाने मध्येच तोडतात, याची मोजदाद झाली आहे. १९८४ च्या अभ्यासात सरासरी १८ सेकंद भरले. अलीकडच्या एका अमेरिकन अभ्यासात तोडल्या गेलेल्यांपैकी निम्म्या रुग्णांना जेमतेम ११ सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ मिळाला होता.

'समजलं ना?' हा प्रश्नही सोडून द्यायला हवा. उत्तर ठरलेलं असतं, हो. त्याऐवजी वर्गात शिकवतात ते वाक्य असं: 'मी नीट सांगितलं की नाही, ते मला बघायचंय. घरी गेल्यावर गोळ्या कशा घ्याल, ते सांगता का?' परीक्षा रुग्णाची राहत नाही, सांगणाऱ्याची होते.

न्यूझीलंडमध्ये इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने हाच काटा पूर्ण फिरवला. सेवा सांस्कृतिकदृष्ट्या सुरक्षित, म्हणजे रुग्णाची ओळख आणि मान राखणारी, होती की नाही, हे ती घेणाऱ्याने ठरवायचं, असं तिचं म्हणणं. १९९२ पासून ते तिथल्या परिचर्या शिक्षणाचा भाग आहे. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी 'सक्षमता' या शब्दालाच हरकत घेतली आणि 'सांस्कृतिक नम्रता' असा शब्द सुचवला. सक्षमता म्हटलं की प्रमाणपत्र मिळतं आणि विषय संपतो, ही त्यामागची भीती.

ही भीती पोकळ नव्हती. २००५ मध्ये अशा प्रशिक्षणावरच्या ३४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. ज्ञान मोजणाऱ्या १९ अभ्यासांपैकी १७ मध्ये ते वाढलेलं दिसलं. रुग्णांचं समाधान मोजलं होतं फक्त तिघांनी, आणि तिन्हींत ते वाढलं होतं. रुग्णांची तब्येत सुधारली का, हे मात्र एकानेही तपासलं नव्हतं. जे मोजायला सोपं, ते मोजलं गेलं. लेखी पेपरात गुण वाढणं म्हणजे कदाचित खात्री वाढणंही असेल, आणि ती या विषयात फारशी कामाची नाही.

रुग्णाचा अभिनय करणाऱ्या माणसांसमोर परीक्षा घ्यायची पद्धत वैद्यकीय शिक्षणात जुनीच आहे. तिथे किमान थोडं वेगळं तपासता येतं: उमेदवाराने पहिल्या मिनिटात किती वेळा तोडलं, एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला का, आणि बरोबर आलेल्या दहा वर्षांच्या मुलीलाच भाषांतर करायला लावलं, की दुभाष्याला बोलावलं.